कठड्याचं डावं टोक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे ब्याऐंशी, व्यवसाय मेथॉडिस्ट मंडळीची पाळक, आता निवृत्त, अविवाहित, मूलबाळ नसलेली, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. करण्यासारखं जवळ काही नव्हतंच. माझी बुद्धी शाबूत आहे याची खात्री डॉक्टरांनी आज सकाळी करून घेतली. वार विचारला, महिना विचारला, मग शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. बहात्तरच्या पुढे तेच अडखळले, मी नाही.

यातली कायद्याची भाषा वकीलबाईंची आहे, बाकीची माझी. वकीलबाईंचा बाप्तिस्मा माझ्या हातून झाला होता. तेव्हा त्यांनी रडून सगळी मंडळी डोक्यावर घेतली होती. आता त्या मला "हे वाक्य काढा, ते वाक्य काढा" म्हणतात आणि मी ऐकत नाही.

कलम १. राहते घर. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, न्हाणीघर आणि मागची फरसबंदी एवढी माझी स्थावर मिळकत. ती मी निवृत्त झाल्यावर घेतली. तोपर्यंत माझं घर असं कधी नव्हतं. आमच्यात पाळकाची दर तीन-चार वर्षांनी बदली होते, राहायला मंडळीचं घर मिळतं आणि ते सोडताना दाराच्या मागे लावलेल्या यादीप्रमाणे खुर्च्या सहा, कपाट एक, आरसा एक असं मोजून द्यावं लागतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. अशी आठ घरं मी केली. तिसऱ्या घरातल्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती. तिथल्या सचिवांना मी सात पत्रं लिहिली. "आजवर कुठल्याच पाळकाने तक्रार केली नाही," असं त्यांचं उत्तर आलं. चार वर्षं मी आत बादली दाराला लावून अंघोळ केली. ते सचिव आता हयात नाहीत. त्यांना मी माफ केलेलं आहे, पण विसरलेली नाही.

हे घर मी माझ्या धाकट्या भावाला देते. वय शहात्तर, धंदा सुतारकाम. तो दुकानाच्या वरच्या खोलीत एकटा राहतो. जिन्याला बावीस पायऱ्या आहेत आणि त्याचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. घर देण्याचं कारण तेवढंच. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. कोणत्याही कारणाने घर भावाकडे जाऊ शकले नाही, तर ते आमच्या वार्षिक परिषदेकडे जावे आणि निवृत्त झालेल्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या स्त्री-पाळकांना राहण्यासाठी वापरले जावे. न्हाणीघराची कडी दरवर्षी तपासावी.

कलम २. झगा. उपदेशाच्या वेळी घालायचा काळा झगा एक. शिवणाऱ्या शिंप्याने तोवर बाईसाठी असला झगा शिवला नव्हता. माप कसं घ्यायचं या विचाराने बिचारा घामाघूम झाला आणि शेवटी आधीच्या पाळकांच्या मापाने शिवून मोकळा झाला. ते सहा फूट उंच होते. पहिला महिना मी दोन्ही हातांनी झगा उचलून व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. मग माझ्या भावजयीने तो उसवून, कापून, माझ्या अंगासारखा केला. ती सात वर्षांपूर्वी गेली. हा झगा आमच्या मंडळीच्या आताच्या पाळकबाईंना द्यावा. त्यांना तो आखूड होईल. त्यांचं त्यांनी बघावं.

कलम ३. पत्र्याच्या दोन ट्रंका आणि सायकल. ज्याला हव्यात त्याने न्याव्यात. सायकलचा ब्रेक उजवीकडचाच लागतो.

कलम ४. आजाऱ्यांना घरी जाऊन प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस, द्यायची छोटी पेटी, सहा पेले आणि एक बशी. हीसुद्धा आताच्या पाळकबाईंना. पाचव्या पेल्याला चीर आहे, तो मी वापरत नव्हते पण टाकवलाही नाही.

कलम ५. माझे उपदेश, वह्या एकोणचाळीस. रद्दीत द्याव्यात. पुस्तक काढण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात येईल ती तिथेच मारावी. त्यातले निम्मे एकाच उपदेशाचे अवतार आहेत. दर चार वर्षांनी मंडळी बदलल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

कलम ६. जुने हिशेब. मिळकत नसली तरी हे माझ्याकडे साठलेलं आहे, म्हणून वाटून टाकते.

विसाव्या वर्षी मी मंडळीची सेविका झाले. सेविका म्हणजे आजाऱ्यांकडे जाणं, मुलांचे वर्ग घेणं, फुलं बदलणं, प्रभुभोजनाची भाकर कापणं आणि पेले भरणं, धुणं. पेले भरायचे मी आणि द्यायचे दुसऱ्याने, अशी एकोणीस वर्षं गेली. त्यातली नऊ वर्षं आमचे जिल्हा अधीक्षक मला व्यासपीठावर बोलवताना "आता आमच्या भगिनी दोन शब्द बोलतील" असं म्हणत. मी पाऊण तास बोलत असे. त्यांनी "दोन शब्द" कधी सोडलं नाही आणि मीही पाऊण तास सोडला नाही. हा हिशेब बरोबरीत सुटला असं मी धरते.

एकोणचाळिसाव्या वर्षी परिषदेने मला दीक्षा दिली. बाईला पाळक म्हणून दीक्षा देण्याची आमच्या परिषदेतली ती पहिली वेळ. बिशपांनी डोक्यावर हात ठेवले, फोटो निघाला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. परिषदेच्या शेवटच्या दिवशी बिशप उभे राहून कोणाची नेमणूक कुठे ते वाचून दाखवतात. लोक श्वास रोखून बसतात, कारण तिथे वाचलं की सोमवारी ट्रंक भरायची. यादी संपली, आशीर्वाद झाला, खुर्च्या सरकल्या. माझं नाव कुठेच नव्हतं. मला पाळक करण्याच्या गडबडीत पाळक म्हणून पाठवायचं कुठे, हे ठरवायचंच सगळे विसरले होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते असं. अधीक्षक कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, तुम्ही इतकी वर्षं इथेच आहात ना, आम्हाला वाटलं आहातच!"

मग घाईघाईने मला माझ्याच घरच्या मंडळीत नेमलं, कारण तिथले पाळक आजारी पडून जागा रिकामी झाली होती. एरवी आमच्यात कोणाला स्वतःच्या गावच्या मंडळीवर नेमत नाहीत. जिने लहानपणी तुमच्या खिडकीची काच फोडली, तिच्याकडून पापक्षमा ऐकणं माणसाला जड जातं. नियम शहाणपणाचा होता. तो माझ्यासाठी मोडला आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

कलम ७. प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर माझ्या नावाने लावलेला पितळी फलक आणि मंडळीची सुवर्णमहोत्सवी पुस्तिका. हे कलम वकीलबाईंना काढायचं होतं. ते ठेवावं आणि माझ्या अंत्यविधीच्या वेळी व्यासपीठावरून जसंच्या तसं वाचावं.

फलकावर "पहिली" हा शब्द आहे, तो खरा आहे. पुस्तिकेच्या बाराव्या पानावर लिहिलं आहे की माझ्या सख्ख्या भावाने बाईच्या हातून प्रभुभोजन घ्यायला नकार दिला, आणि तरीही मी डगमगले नाही. ते खोटं आहे.

घडलं ते असं. मी रुजू होण्याआधी मंडळीची सभा भरली होती. त्यात माझा भाऊ उभा राहून म्हणाला, "बायकांनी उपदेश करावा, माझी काही ना नाही. पण ताईच्या हातून भाकर घ्यायला मला कसंतरीच होईल. तिने माझं नाक पुसलंय." सगळे खो-खो हसले. मीही हसले, पण मनात ते काट्यासारखं रुतलं. एकोणीस वर्षं पेले धुऊन मी तिथवर पोचले होते आणि माझ्या घरच्या माणसाने चार लोकांत माझी चेष्टा केली होती.

त्यानंतर दोन आठवड्यांनी माझा पहिला प्रभुभोजनाचा रविवार आला. आमच्यात लोक वेदीसमोरच्या लाकडी कठड्याशी गुडघे टेकतात, पाळक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येकाच्या तळहातावर भाकर ठेवत जातो, मग पेले देतो, मग "उठा, शांतीने जा" म्हणतो, आणि ती रांग उठून दुसरी येते. तो कठडा माझ्या भावानेच बनवला होता. त्याला चौदा माणसं पुरतात. दुसऱ्या रांगेत डाव्या टोकाला चौदावा तो होता. गुडघ्यांवर. उजवा तळहात डाव्यावर ठेवून, हात पुढे.

मी तेरा जणांना भाकर दिली. तेरावी बेकरीवाल्याची विधवा होती, डोळे मिटून. तिच्यापुढे एक पाऊल होतं. मी ते टाकलं नाही. वळले, वेदीपाशी गेले, बशी ठेवली. पेल्यांच्या वेळीही तसंच केलं. आणि "उठा, शांतीने जा" असं म्हटलं. तोही सगळ्यांबरोबर उठला.

पुढे मी स्वतःला सांगत असे की तो तमाशा करायला आला आहे असं मला वाटलं. तसं वाटलं नव्हतं. मी त्याचे हात पाहिले होते. तोंडाने माफी मागायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. तो गुडघ्यांवर आला तीच त्याची माफी होती, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. मला राग होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी होतं जे मी त्याला नाकारू शकत होते. जे माझं नव्हतंच ते मी नाकारलं. आमच्या मंडळीत वेदी सगळ्यांना मोकळी असते. कोणाही पाळकाला तो अधिकार नाही, आणि मला तर पाळक होऊन पुरते चार आठवडे झाले नव्हते.

कोणी पाहिलं नाही. पुढच्या महिन्यात भाऊ कठड्याशी आला नाही, तेव्हा लोकांनी सभेतलं बोलणं आठवलं आणि आपापसांत ठरवून टाकलं की हा बाईच्या हातून घेत नाही. माझी बदली झाली, दुसरे पाळक आले, तिसरे आले. तो दर रविवारी येतो, मागच्या बाकावर बसतो आणि प्रभुभोजनाच्या आधी उठून जातो. त्रेचाळीस वर्षं. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, त्याला मरेपर्यंत बोल लावत होती: "केवढा हा पीळ तुमचा! सख्खी बहीण ना ती?" माझ्यासमोर बोलायची. तो खाली मान घालून रंधा मारत राहायचा आणि मी चहा पीत राहायचे. याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

त्याहून वाईट असं, की मी ती गोष्ट वापरली. प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलींपुढे भाषण करताना मी सांगत असे, "माझ्या सख्ख्या भावानेसुद्धा..." मुली डोळे पुसायच्या. आताच्या पाळकबाईंनी प्रशिक्षणाला असताना ती गोष्ट माझ्या तोंडून ऐकली आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा जीभ जड झाली होती. दहाव्यांदा नाही झाली. वेदीपाशी येण्याआधी भावाशी समेट करा, असं मी शेकडो माणसांना सांगितलं असेल. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं माझ्याबद्दल म्हणायला कोणाची हरकत नसावी.

भाऊ माझ्याशी बोलत नाही असं मुळीच नाही. दर गुरुवारी येतो, काही ना काही दुरुस्त करतो, राजकारण्यांना शिव्या देतो, जातो. एवढं एक सोडून आम्ही सगळं बोलतो.

फलक काढून मोडीत द्यावा. पुस्तिकेचं बारावं पान मंडळीने दुरुस्त करावं.

कलम ८. अंत्यविधी. फुलं नकोत, मी आयुष्यभर बदलली. बिशप आले तर मागच्या रांगेत बसवावेत. विधी आताच्या पाळकबाईंनी करावा आणि "दोन शब्द" असं कोणी म्हणू नये. शवपेटी भावाने करायचा हट्ट धरला तर त्याला करू द्यावी, पण सागवान नको.

कलम ९. हे कलम मी सही करण्याआधी स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कारण आज दुपारी वरच्या मजकुरात फरक पडला.

मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचायचा असं मी ठरवलं होतं. डॉक्टर आले. दुसरे साक्षीदार म्हणून ऑर्गन वाजवणारे येणार होते, त्यांना ताप भरल्याचा निरोप आला. आज गुरुवार. मागचं दार ओलीने फुगलं होतं, ते तासायला भाऊ आला होता. मी वकीलबाईंना म्हटलं, वाचा, त्यालाही ऐकू दे. मी आज ना उद्या त्याला सांगणारच होते, असं लिहिणार होते. पण सांगितलं नसतं. त्रेचाळीस वर्षांत मला वेळ मिळाला नव्हता, असं थोडंच आहे.

पहिली कलमं रंध्याच्या आवाजात बुडाली, मग तो आवाज थांबला. सातवं कलम संपलं तेव्हा तो दारात रंधा घेऊन उभा होता.

"हे काढ," तो म्हणाला.

"नाही."

"ताई, त्रेचाळीस वर्षं मी हट्टी म्हणून मिरवलो. गिऱ्हाईक मला घाबरून असतं. आता म्हातारपणी मला बिचारा करतेस होय?"

मी म्हटलं, "माझं चुकलं." हे दोन शब्द होते आणि मला ते पाऊण तासाच्या उपदेशापेक्षा जड गेले.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला, "मी तिथेच होतो."

मला रडू आलं. डॉक्टरांनी लगेच नाडी धरली. त्यांचा त्यात दोष नाही, सवय.

भाऊ खुर्ची ओढून बसला. "आणि वाचून दाखवलं तरी कोण मानणार आहे? म्हणतील, बाईंचं मन केवढं मोठं, जाता जाता भावाचं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं. एक फलक काढशील, हे लोक दोन लावतील."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी वकीलबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "काकांचं बरोबर आहे. पाहिलेलं दुसरं कोणी नाही ना."

"मी आहे की," भाऊ म्हणाला. त्याने हात पँटला पुसले. "सही कुठे करायची?"

वकीलबाई घाईने उठल्या. "काका, थांबा. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. झालं तर त्याचं मिळायचं ते रद्द होतं. घर जाईल तुमचं."

"कसलं घर?"

त्यांनी पहिलं कलम पुन्हा वाचलं. भाऊ माझ्यावरच डाफरला. "मला विचारलंस? बावीस पायऱ्या मी रोज चढतो."

"रोज शिव्या देत चढतोस."

"पण चढतो ना?"

वकीलबाई म्हणाल्या, "वेगळ्या कागदावर लिहून द्या तुम्ही. घरही राहील आणि तुमचं म्हणणंही राहील."

"म्हणजे घर घ्यायचं आणि वर साक्ष द्यायची?" तो म्हणाला. "मग झालंच. सगळे म्हणतील, घरासाठी बोलला. अहो, तुमच्या कायद्याने नियम केलाय तो याचसाठी ना?"

मी त्याला म्हटलं, तुझ्या गुडघ्यांचा विचार कर. तो म्हणाला की गुडघे त्याचे आहेत. मी तासभर समजावलं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. शेवटी हरले.

म्हणून नमूद करते, की माझा भाऊ दुसरा साक्षीदार म्हणून सही करत आहे, त्याचा परिणाम त्याला नीट समजावून सांगितला आहे, आणि पहिल्या कलमातलं घर आता परिषदेकडे, निवृत्त स्त्री-पाळकांसाठी जाईल. ही व्यवस्था मला आवडलेली नाही. ती मी मान्य करते.

याखेरीज माझ्या मागे कोणी काही मागू नये. शोधूनही सापडणार नाही.

ठिकाण: माझ्या घराची पुढची खोली, जेवणाचं टेबल.
तारीख: ऑक्टोबरची सोळा, गुरुवार, दुपारचे साडेचार.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिला: डॉक्टर. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीवर आहेत. वजाबाकीबद्दल त्यांनी लिहिलेलं बरोबर आहे. (सही)

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, सुतार. ताईने माझ्यासमोर सही केली. वकीलबाई म्हणतात एवढंच लिहा, पण मी आणखी चार ओळी लिहितो. त्या रविवारी मी कठड्याच्या डाव्या टोकाला होतो, हात पुढे केले होते आणि मला मिळालं नाही. ताईने लिहिलंय ते खरं आहे. पुढच्या महिन्यात मी परत गुडघे टेकले असते तर तिने दिलं असतं, हे मला त्याच दिवशी तिचं तोंड बघून कळलं होतं. मी मुद्दाम गेलो नाही. ते तिने लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिलं. (सही)